वाटेवरचा घोट आणि वहीतले गुण

ऑगस्टस या रोमन सम्राटाच्या पदरी वाइन चाखून निवडणारा एक जाणकार होता. मूळचा गुलाम, पुढे मुक्त झालेला. एकदा एका यजमानाने पुढे केलेली तिथलीच वाइन चाखून तो म्हणाला, ही चव मला नवी आहे आणि ही काही नामांकित वाइन नव्हे, पण सम्राट हिच्याखेरीज दुसरी घेणार नाहीत. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात ही हकिकत लिहून ठेवली. त्याच ग्रंथात त्याने इटलीतल्या वाइनची प्रतवारीही लावली आहे: सम्राटाची आवडती सेतियाची वाइन वर, सगळीकडे गाजलेली फालेर्नियन दुसऱ्या प्रतीत. म्हणजे क्रमवारी आणि क्रमवारीला न जुमानणारा घोट एकाच ठिकाणी नोंदलेले सापडतात. प्रवासात वाइन चाखून तिला गुण देण्याचा पुढचा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे, असे मला वाटते.

मधली कित्येक शतके चाखणे हे व्यापारी आणि दलालांचे काम होते. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात त्यासाठी ‘तास्तव्हँ’ नावाची चांदीची उथळ वाटी वापरत. अंधाऱ्या तळघरात मेणबत्तीचा उजेड तिच्या खाचाखळग्यांवर पडे आणि वाइन नितळ आहे की गढूळ ते दिसे. चव पाहायची ती सौदा करण्यापुरती.

कुतूहलाने चाखणारा माणूस कागदावर दिसू लागतो तो सतराव्या शतकात. लंडनच्या सॅम्युएल पेप्सने एप्रिल १६६३ मध्ये रोजनिशीत ‘हो ब्रायन’ नावाच्या फ्रेंच वाइनबद्दल लिहिले की तिची चव चांगली आणि अगदी खास, पूर्वी कधी न चाखलेली. ही फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या ओ-ब्रियाँ या द्राक्षमळ्याची वाइन. चौदा वर्षांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक खुद्द त्या मळ्यात पोचला. त्याने जमीन पाहिली: पांढरी रेती, त्यात थोडे खडे, काही उगवेल असे वाटूही नये अशी. वाइनचा भाव इंग्रज गिऱ्हाइकांनी चढवला, हेही त्याने टिपले. पेप्स घोटापाशी थांबला, लॉक मातीपर्यंत गेला.

या वाटेवर सर्वांत पुढे गेला तो थॉमस जेफरसन. १७८७ मध्ये तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता. मोडलेल्या मनगटासाठी दक्षिण फ्रान्समधल्या एक्स या गावाच्या औषधी झऱ्यांवर जावे असा सल्ला मिळाला, आणि त्या निमित्ताने त्याने फ्रान्सचा दक्षिण भाग, उत्तर इटली आणि बोर्दो असा तीन महिन्यांहून मोठा फेरा मारला. बर्गंडीत तो तट्टावर बसून मळ्यांतून फिरला, मजुरांच्या घरांत आणि तळघरांत शिरला. पोमार आणि व्होलने इथे मजूर गव्हाचा चांगला पाव खाताना दिसले, तर मेर्सोमध्ये राय या हलक्या धान्याचा. त्याने कारण विचारले. मेर्सोत पांढरी वाइन होते, ती तांबडीपेक्षा जास्त वेळा बिघडते आणि पडून राहते. त्यामुळे मालकाला मजुरांना चांगले खाऊ घालणे परवडत नाही, असे उत्तर मिळाले. चवीच्या टिपणांत मजुरांचा पाव आला, हे मला फार मोलाचे वाटते. वाइन कशी आहे एवढेच नव्हे, तर ती तशी का आहे आणि तिच्या मागे कोण राबते, हे त्याने पाहिले.

बोर्दोत त्याने चार मळे अव्वल म्हणून लिहिले: मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ आणि लाफीत. पुढे १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी तांबड्या वाइनची पाच वर्गांची अधिकृत यादी केली, आणि पहिल्या वर्गात हेच चार मळे आले. मात्र ही यादी चाखून केलेली नव्हती. वर्षानुवर्षांचे भाव हा तिचा आधार होता. नंतर पहिल्या वर्गात भर पडली ती एकाच मळ्याची, १९७३ मध्ये, मूतों रॉथशिल्डची.

आकडे आले विसाव्या शतकात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत १९५९ च्या सुमारास २० गुणांची पद्धत तयार झाली, ती मुख्यतः वाइनमधले दोष पकडण्यासाठी. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने पॅरिसमध्ये लेबले झाकून चाखणी घेतली तीही २० गुणांवर, आणि फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनी कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. दोन वर्षांनी अमेरिकी वाइनसमीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १०० गुणांची पद्धत रुजवायला सुरुवात केली. तिची सुरुवात ५० पासून होते. शाळेच्या गुणपत्रिकेसारखी असल्याने ती कोणालाही कळते.

पण जीभ इतकी नेमकी असते का? २००१ मध्ये बोर्दोत ५४ जणांना तांबडा रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे तीनदा ठेवली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण दहातला एकच परीक्षक आपल्या गुणांशी सातत्याने जुळता राहिला. हे शांत खोलीत, सारख्या ग्लासांत. प्रवासात तर तापमान, ग्लास, जेवण, भूक, सोबत, सगळेच बदलते. विमानात हवा कोरडी आणि दाब कमी, त्यामुळे वास मंदावतो आणि वाइन एरवीपेक्षा फिकी, आंबट लागते. दिवसभरात चार तळघरे पाहणारे जाणकार घोट गिळत नाहीत, थुंकतात. नाहीतर चौथ्या ठिकाणचे गुण मद्य देते.

तरीही वाटेवर चाखणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. जर्मनीने १९३५ मध्ये द्राक्षमळ्यांची गावे जोडणारा आपला वाइनमार्ग सुरू केला, फ्रान्सच्या अल्सास प्रांताने १९५३ मध्ये, आणि १९६६ पासून कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वाइन-उत्पादक रॉबर्ट मोंदावी यांनी पाहुण्यांना फिरवून चव देण्याचा परिपाठ घातला. २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये व्हिव्हिनो हे मोबाइल अॅप सुरू झाले: लेबलचा फोटो काढायचा, पाचपैकी तारे द्यायचे, की ते सगळ्यांच्या सरासरीत मिसळतात. तारे देताना काय जेवलो, वाइन किती थंड होती, मळ्यातली माती कशी होती, हे कोणी विचारत नाही. दोन ओळी लिहायची सोय मात्र तिथेही आहे, आणि अनोळखी गावाची वाइन निवडताना मी ताऱ्यांआधी त्या ओळीच वाचते.