लघवीच्या पिशवीतले लिपोसोम

लिपोसोम म्हणजे मेदाच्या दुहेरी थराचा अगदी बारीक फुगा, पोटात पाणी असलेला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहम यांना तो मायक्रोस्कोपखाली दिसला. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते २०२१ मध्ये, ब्लॅक फंगसच्या वेळी, जेव्हा लोक लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. इथे मात्र विषय वेगळा आहे, हेच फुगे नळीने थेट मूत्राशयात सोडायचे, म्हणजे अस्तराला आडोसा पण मिळतो आणि औषध पण आत पोचतं.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला टेकला की लघवीला जळजळ होणाऱ्याला सगळे एकच सांगतात, उन्हाळी लागलीय, सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी. बऱ्याचदा त्याने बरंही वाटतं, कारण पाणी कमी पडून लघवी घट्ट झालेली असते. पण काही जणींना (बायका यात जास्त) महिनोन्महिने दुखतं, रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं, युरिन कल्चर क्लीन, सोनोग्राफीत खडा नाही, आणि तरी घरचे उन्हाळीच म्हणत राहतात, ते मला फार लागतं. हा इंटरस्टिशियल सिस्टायटिस असू शकतो, म्हणजे इन्फेक्शन नसताना पिशवी दुखण्याचा आजार.

पिशवीच्या आत सगळ्यात वर छत्रीसारख्या मोठ्या पेशी असतात आणि त्यांच्यावर साखर-प्रथिनांचा बुळबुळीत लेप. हे अस्तर इतकं घट्ट की लघवीतलं काही आत झिरपत नाही. या आजारात निदान काही पेशंटमध्ये तरी ते विरळ होतं, मग लघवीतलं पोटॅशियम आतल्या नसांपर्यंत पोचून आग होते, असं मानतात. मेदाचे फुगे अशा उघड्या जागी चिकटून पातळ पापुद्रा धरतात, म्हणजे रिकामा लिपोसोमसुद्धा मलमपट्टीसारखा उपयोगी पडू शकतो. तैवानमध्ये २००९ साली २४ पेशंटवर हे करून बघितलं, निम्म्यांना आठवड्यातून एकदा असं चार आठवडे लिपोसोम, निम्म्यांना पेंटोसन या याच आजारावरच्या औषधाच्या गोळ्या, आणि दोन्हीकडे वारंवार लघवीला जाणं कमी झालं. पण अभ्यास छोटा, आणि प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेला खोटा डोस घेणाऱ्यांचा, गट नव्हता, तेव्हा त्यावरून फार उड्या मारू नयेत.

दुसरं काम औषध पोचवायचं. पिशवीत नुसतं औषध सोडलं तर वरून किडनीची लघवी येतच राहते, औषध पातळ होतं आणि पेशंट बाथरूमला गेला की सगळं वाहून जातं, शिवाय निरोगी अस्तर औषधालाही आत सोडत नाही. बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, त्याचा रेणू तर एवढा मोठा की एरवी दुर्बिणीतून सुईने पिशवीच्या भिंतीत ठिकठिकाणी टोचावा लागतो. तो लिपोसोममध्ये घालून नुसता आत सोडला तर सुई टळेल, ही आशा. अतिक्रियाशील मूत्राशयात (सारखी लघवीची घाई होते तो आजार) थोडा फरक दिसला, पण इंटरस्टिशियल सिस्टायटिसमध्ये तो प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही. पाण्यात विरघळणारं औषध फुग्याच्या पोटात बसतं आणि तेलात विरघळणारं त्याच्या भिंतीत.

टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दुसऱ्या प्रकारचं, तेलात विरघळणारं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला दिलेल्या रेडिएशनने कधीकधी काही वर्षांनीसुद्धा पिशवीतून रक्त जायला लागतं. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे, आणि खेड्यातल्या बायकांमधला हा कॅन्सर तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा. अशा रक्तस्रावासाठी लिपोसोममधलं टॅक्रोलिमस पिशवीत सोडून अमेरिकेत थोड्या पेशंटवर तपासलंय. गोळीने घेतलं तर ते सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, किडनीलाही त्रास देतं, आणि पिशवीत सोडलं की रक्तात फारच थोडं उतरतं.