टेनिसमधली आकडेवारी

व्यावसायिक टेनिसच्या मॅचमधून निघणारे आकडे, म्हणजे पहिली सर्व्हिस किती टक्के आत पडली, दुसऱ्या सर्व्हिसवर किती पॉइंट मिळाले, ब्रेक पॉइंट (जो गेला की आपल्याच सर्व्हिसचा गेम समोरच्याला जातो) किती वाचवले, रॅली (एका पॉइंटमधली बॉलची देवाणघेवाण) किती शॉटची झाली, हे सगळं वर्षानुवर्षं जमा करून त्यातून एखादा खेळाडू किंवा अख्खा खेळच कुठल्या दिशेला चाललाय हे शोधायचा जो उद्योग आहे त्याला टेनिस आकडेवारी म्हणतात, हल्ली टेनिस अ‍ॅनालिटिक्स. आपल्याकडे क्रिकेटमुळे सरासरी आणि स्ट्राइक रेट पोरांनाही तोंडपाठ असतात त्यामुळे यात नवीन काय असं वाटेल, पण टेनिसमधे एक मोठी गोम आहे. क्रिकेटमधे (डकवर्थ-लुईस सोडा) जास्त रन करणारा जिंकतो. टेनिसमधे पॉइंटांचे गेम होतात, गेमचे सेट, आणि मॅच मिळते जास्त सेट जिंकणाऱ्याला, म्हणून जास्त पॉइंट जिंकणारा हरू शकतो, आणि तेही भल्या भल्या मॅचमधे.

८ जून २०२५ ची फ्रेंच ओपन फायनल घ्या. कार्लोस अल्काराझ विरुद्ध यानिक सिनर, ५ तास २९ मिनिटं, चौथ्या सेटमधे अल्काराझ ३-५ ने मागे आणि स्वतःच्याच सर्व्हिसवर ०-४०, म्हणजे सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, त्यातला एक जरी घेतला तरी ट्रॉफी त्याची. तिथून अल्काराझ जिंकला. शेवटी एकूण पॉइंट मोजले तर सिनर १९३, अल्काराझ १९२. जिंकणाऱ्याचा एक कमीच. २०१९ ची विम्बल्डन फायनल तर याहून जिव्हारी लागणारी, फेडररने २१८ पॉइंट जिंकले आणि जोकोविचने २०४, फेडररचे एस (समोरच्याला लागल्याच नाहीत अशा सर्व्हिस) २५ आणि जोकोविचचे १०, पाचव्या सेटमधे ८-७ ला फेडररची सर्व्हिस होती, ४०-१५, दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात, आणि ट्रॉफी जोकोविच घेऊन गेला. तिन्ही टायब्रेकर (सेट बरोबरीत आल्यावर निकाल लावणारा गेम) त्याने जिंकले, मॅच तिथेच ठरली. २०१० मधे विम्बल्डनलाच इस्नर आणि माहू तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं खेळत होते, शेवटचा सेट ७०-६८. त्या मॅचच्या ९८० पॉइंटपैकी हरलेल्या माहूचे ५०२ होते.

असं दररोज होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांच्या सुमारे ६१ हजार मॅच तपासल्या होत्या, त्यात साधारण साडेचार टक्के मॅच कमी पॉइंट जिंकणाऱ्याने मारल्या होत्या. गंमत म्हणजे अशा काठावरच्या मॅचमधे फेडररचा रेकॉर्ड तेव्हा ४ विजय आणि २४ पराभव असा होता, म्हणजे एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत वाईटच. आता यावरून काही लोक तो दबावाखाली ढेपाळतो म्हणतात. असेलही, पण दुसरी बाजू अशी की फेडरर हरायचाच मुळात कमी, आणि हरला तरी घासून हरायचा, त्यामुळे हरलेल्या मॅचमधे पॉइंट जास्त असणं हे त्याच्याबाबतीत वरचेवर होणारच.

गणित कसं चालतं

स्कोअरिंगची पद्धत छोट्या फरकाचा मोठा फरक करते, सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. समजा एखादा खेळाडू आपल्या सर्व्हिसवर ६० टक्के पॉइंट जिंकतो आणि प्रत्येक पॉइंट सुटा धरला, म्हणजे आधीच्या पॉइंटचा पुढच्यावर परिणाम नाही असं मानलं, तर तो गेम जिंकण्याची शक्यता येते साधारण ७४ टक्के. पॉइंट ६५ टक्के झाले की गेम ८३ टक्के, ७० झाले की ९०. आता एका सेटमधे पाच सर्व्हिस गेम आले असं धरा आणि पाचही न गमावता राखायचे आहेत. ६० टक्केवाल्याला हे साधारण २२ टक्के वेळा जमेल, ६५ वाल्याला ३९, आणि ७० वाल्याला ५९. म्हणजे दर दहा पॉइंटमधे फक्त एक पॉइंट जास्त मिळाला तर सेटभर सर्व्हिस न तुटण्याची शक्यता जवळपास पावणेतीन पट. म्हणून टेनिसमधे कोणी सांगितलं की अमक्याची सर्व्हिस दोन टक्क्यांनी सुधारली तर हसायचं नाही, त्या दोन टक्क्यांत क्रमवारी बदलते. फेडररनेच २०२४ मधे डार्टमथ कॉलेजच्या भाषणात सांगितलं होतं की १,५२६ एकेरी मॅचमधल्या जवळपास ८० टक्के त्याने जिंकल्या पण पॉइंट मात्र फक्त ५४ टक्के.

वर 'पॉइंट सुटा धरला' असं म्हटलं ते खरंच तसं असतं का? फ्रांक क्लासन आणि यान माग्नुस या दोघांनी विम्बल्डनच्या १९९२ ते १९९५ च्या पॉइंटवर हे तपासलं. निष्कर्ष असा की अगदी काटेकोर बोलायचं तर पॉइंट सुटे नसतात, आधीचा पॉइंट जिंकलेल्याला पुढच्यावर थोडासा फायदा होतो आणि महत्त्वाच्या पॉइंटवर सर्व्हिस करणाऱ्याला थोडं जड जातं, पण हा परिणाम इतका लहान आहे की हिशोबासाठी सुटे धरले तरी चालतं. कॉमेंटेटर लोकांच्या बऱ्याच ठाम समजुती पण त्यांनी तपासल्या. सेटमधे आधी सर्व्हिस करणाऱ्याचा फायदा होतो म्हणतात ना, तो फक्त पहिल्या सेटमधे दिसला, पुढच्या सेटमधे नाही.

दुसरी सर्व्हिस पण जोरात का मारत नाहीत, हा टीव्हीसमोर बसून प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला प्रश्न. यावर डेव्हिड गेल या गणितज्ञाने १९७१ मधेच लिहून ठेवलंय. साधा हिशोब करून बघा, पहिली सर्व्हिस १०० पैकी ६२ वेळा आत पडते आणि पडली की ७४ टक्के पॉइंट मिळतात असं धरलं, तर दुसरी पण तशीच मारली तर मिळणार ६२ गुणिले ७४, म्हणजे साधारण ४६ टक्के. सावकाश फिरकी देऊन टाकलेल्या दुसऱ्या सर्व्हिसवर पुरुषांमधे ५० च्या आसपास पॉइंट मिळतात, म्हणजे सावकाशच बरी. पण ज्याची पहिली सर्व्हिस ६८ टक्के आत पडते आणि ८० टक्के जिंकून देते त्याचा गुणाकार ५४ च्या वर जातो, तिथे मग प्रश्न खरोखर उघडा आहे. तरी लोक मारत नाहीत कारण डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेला पॉइंट) दिसतो, आणि हळू सर्व्हिसवर खाल्लेला रिटर्न तेवढा डोळ्यात खुपत नाही.

डबल फॉल्टचंच सांगायचं तर अरिना सबालेंका. २०२२ मधे तिचे वर्षभरात चारशेच्या वर डबल फॉल्ट झाले, सर्व्हिस टाकताना अक्षरशः रडवेली व्हायची, सगळे म्हणत होते डोक्यातला प्रॉब्लेम आहे. तिने त्याच वर्षी बायोमेकॅनिक्सचा माणूस गाठून सर्व्हिसची हालचालच दुरुस्त करून घेतली आणि जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आकडा एवढंच सांगतो की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते नाही सांगत.

आकडे कोण मोजतं

आधी हे सगळं वहीत व्हायचं. १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर शॉट टिपायची सोय आली, आयबीएम विम्बल्डनमधे १९९० पासून आहे, एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरची, सर्व्हिसची व्यवस्थित आकडेवारी १९९१ पासून मिळते. ही १९९१ ची रेष लक्षात ठेवायला हवी. करिअरमधे सगळ्यात जास्त एस कुणाचे, तर आधी इवो कार्लोविच, १३,७०० च्या वर, मग २०२२ च्या विम्बल्डनमधे इस्नरने त्याला मागे टाकलं, पण हा रेकॉर्ड आहे मोजायला लागल्यापासूनचा. १९७० च्या दशकातल्या सर्व्हिसवाल्यांचे एस कुणी धड मोजलेच नाहीत.

हॉक-आय आपल्याला एलबीडब्ल्यूमुळे माहीत, टेनिसच्या टूरवर ते २००६ मधे मायामीच्या स्पर्धेत अधिकृतपणे आलं आणि त्याच वर्षी यूएस ओपनमधे. तेव्हापासून बॉल कुठे पडला, किती फिरला, खेळाडू किती मीटर धावला हे सगळं नोंदलं जातं, फक्त त्यातला बराचसा माल स्पर्धा आणि खेळाडूंच्या टीमकडेच राहतो. सामान्य माणसाला आधार म्हणजे जेफ सॅकमन यांची साइट आणि त्यांनी २०१३ मधे सुरू केलेला मॅच नोंदवायचा प्रकल्प. त्यात हौशी लोक मॅच लावून बसतात आणि एकेक शॉट कोडमधे लिहितात. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला असेल तर ४, अंगावर ५, मधल्या रेषेवर ६, मग फोरहँड-बॅकहँडला एकेक अक्षर, बॉल कुठल्या दिशेला गेला त्याला १, २, ३, आणि विनर (समोरच्याला न लागलेला शॉट) बसला तर शेवटी चांदणी (*). एक मॅच नोंदवायला मॅचपेक्षा जास्त वेळ जातो कारण दर रॅलीला मागे घ्यावं लागतं. फुकटात काम, आणि त्यावर अख्खी जगभरची चर्चा चालते.

यात एक आकडा मात्र मुळातच संशयास्पद, अनफोर्स्ड एरर. एस हा एस असतो, त्यात मत चालत नाही, पण चूक आपणहून केली की समोरच्याने करायला लावली हे कोर्टाशेजारी बसलेला माणूस ठरवतो. एका स्पर्धेतले अनफोर्स्ड एरर दुसऱ्या स्पर्धेतल्या आकड्याशी ताडून 'खेळ बिघडला' म्हणणं मला तरी पटत नाही.

ट्रेंड, खरे आणि दिसणारे

सर्व्ह अँड व्हॉली गेलं, हा सगळ्यांना माहीत असलेला ट्रेंड. २००१ च्या विम्बल्डन फायनलला इवानिसेविच आणि राफ्टर, दोघंही सर्व्हिस टाकून नेटवर पळणारे. २००२ च्या फायनलला ह्युइट आणि नालबांडियन, दोघंही मागून खेळणारे. एका वर्षात एवढं कसं बदललं? विम्बल्डनने २००१ पासून कोर्टवर १०० टक्के राय गवत लावलं, आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू असायचं. कारण काय तर गवत टिकायला हवं. पण कोर्ट टणक झालं, बॉल जरा वर उसळायला लागला, रिटर्न करणाऱ्याला वेळ मिळाला. त्यात १९९७ ला कुएर्तेनने फ्रेंच ओपन जिंकल्यापासून रॅकेटमधल्या पॉलिएस्टरच्या तारा सगळीकडे पसरल्या होत्या, त्यांनी जोरात मारलेला बॉलसुद्धा फिरून खाली येतो, म्हणजे नेटवरच्या माणसाच्या पायाशी. गवत किती आणि तारा किती याची वाटणी आकड्यांतून करता येत नाही कारण दोन्ही एकाच काळात घडलं.

इथेच एक सापळा आहे. नेटवर गेल्यावर पुरुष खेळाडू साधारण दोन तृतीयांश पॉइंट जिंकतात, बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) त्यापेक्षा बरेच कमी. मग जास्त वेळा नेटवर का जात नाहीत? कारण ते चांगला शॉट बसल्यावरच पुढे जातात, सोपे पॉइंट निवडून घेतलेले असतात. उगाच पळत गेले तर ते दोन तृतीयांश राहणार नाहीत. किती घसरतील यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे आणि 'अजून थोडं जायला हवं' म्हणणारेही बरेच आहेत.

रॅलीच्या लांबीचं उलटं झालं, तिथे सगळ्यांना जे दिसत होतं तेच चुकीचं निघालं. आता सगळे मागून खेळतात, मग रॅली लांब होतात असंच वाटतं. क्रेग ओशॅनसी, ज्यांनी २०१७ ते २०१९ जोकोविचसाठी काम केलं, त्यांनी मोजून दाखवलं की सुमारे ७० टक्के पॉइंट चार किंवा त्याहून कमी शॉटमधे संपतात, नऊच्या पुढे जाणारे जेमतेम दहा टक्के, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी लांबी म्हणजे एक. सर्व्हिस आत, रिटर्न बाहेर, संपला पॉइंट. लक्षात मात्र तीस शॉटची रॅली राहते. प्रॅक्टिसमधे तासन् तास क्रॉसकोर्ट (तिरके शॉट) मारत बसायचं आणि रिटर्नला शेवटची दहा मिनिटं, ही जी क्लबाक्लबातली पद्धत आहे ती या आकड्यांच्या बरोबर विरुद्ध.

वयाचा ट्रेंड पण असाच जपून वाचायचा. बेकर १९८५ ला १७ वर्षांचा असताना विम्बल्डन जिंकला, चँग १९८९ ला १७ व्या वर्षीच फ्रेंच, मग फेडरर २०१८ मधे ३६ व्या वर्षी नंबर एक, म्हणजे खेळ म्हातारा होत गेला असं चित्र तयार होतं. पण रोझवॉल १९७४ मधे ३९ व्या वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्हीच्या फायनलला होता आणि कॉनर्स १९९१ ला ३९ व्या वर्षी यूएस ओपनच्या सेमीला. आणि फेडरर, नदाल, जोकोविच अशी तीन असामान्य माणसं एकाच वेळी म्हातारी झाली की सरासरी आपोआप वर जातेच. २०२४ आणि २०२५ च्या आठही ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) अल्काराझ आणि सिनरने वाटून घेतल्या, लगेच चित्र पालटलं. दुहेरीत मात्र आपला रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ ला ४३ व्या वर्षी पहिल्यांदा नंबर एक झाला.

पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ महाराष्ट्र ओपन व्हायची, त्यातली २०१९ ची फायनल या विषयाचा चालता-बोलता धडा होती. केव्हिन अँडरसन २०३ सेंमी, कार्लोविच २११ सेंमी आणि वय ३९, स्कोअर ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेकरला. दोघांची सर्व्हिस अशी असली की एकूण टक्केवारी जवळपास सारखी निघते आणि निकाल चार-दोन पॉइंटवर लटकतो, त्यावरून 'अँडरसन टायब्रेकरमधे भारी' म्हणायला एक मॅच पुरत नाही, पन्नास पण कमीच. १९७७ मधल्या रोझवॉलनंतर एवढ्या वयाचा एटीपी फायनलिस्ट म्हणजे कार्लोविचच.

ब्रेक पॉइंटचंही तसंच. २०१५ च्या यूएस ओपन फायनलला फेडररला २३ ब्रेक पॉइंट मिळाले, घेतले ४. रिटर्नवर तो साधारण ४० टक्के पॉइंट जिंकायचा त्या हिशोबाने नऊएक यायला हवे होते. पण समोर जोकोविच होता.

क्रमवारीचे पॉइंट तर काळानुसार सरळ ताडताच येत नाहीत. एटीपीची कॉम्प्युटर क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ ला आली, पहिला नंबर एक नास्तासे, तेव्हा सरासरीवर चालायची, १९९० ला पद्धत बदलली, आणि २००९ ला ग्रँड स्लॅम विजेत्याचे पॉइंट १००० चे २००० झाले. म्हणजे २००८ च्या नदालच्या पॉइंटांशेजारी आजच्या सिनरचे ठेवले तर सिनर दुप्पट भारी दिसेल. शिवाय २००१ च्या विम्बल्डनपासून ग्रँड स्लॅममधे १६ ऐवजी ३२ मानांकित खेळाडू (ज्यांना सुरुवातीला एकमेकांपासून लांब ठेवतात) ठेवायला लागले, त्यामुळे मोठ्या खेळाडूंची गाठ पहिल्या दोन फेऱ्यांत २० व्या-२५ व्या नंबरवाल्याशी पडायचीच बंद झाली. लोक म्हणतात हल्ली सुरुवातीला धक्कादायक निकाल कमी लागतात. ड्रॉच, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची मांडणीच, तसा काढला जातो.