ब्लॅक, शेन

(१६ डिसेंबर १९६१). अमेरिकन पटकथालेखक, दिग्दर्शक व अभिनेते. जन्म पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे. शिक्षण लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. कुणी मागणी न करता लिहिलेली त्यांची ‘लीथल वेपन’ ही पटकथा वॉर्नर ब्रदर्सने अडीच लाख डॉलरना घेतली, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. १९८७ साली रिचर्ड डॉनर यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्याच वर्षीच्या ‘प्रेडेटर’मध्ये ब्लॅक यांनी हॉकिन्स या सैनिकाची छोटी भूमिका केली.

त्यांचे वेगळेपण संवादांपेक्षा दृश्यवर्णनात अधिक आहे. पटकथेतील वर्णन एरवी दिग्दर्शकासाठीच्या सूचनांसारखे कोरडे असते. ‘लीथल वेपन’मध्ये एका आलिशान घराचे वर्णन करता करता लेखक मध्येच सांगतो, की हा चित्रपट तुफान चालला तर आपण असलेच घर घेणार आहोत. या शैलीचे मूळ कुठे, याविषयी दोन मते आढळतात. काही जण ते पटकथालेखक विल्यम गोल्डमन यांच्या गप्पिष्ट, वाचकाला विश्वासात घेणाऱ्या लेखनात शोधतात. इतर काहींच्या मते ते पटकथालेखक व दिग्दर्शक वॉल्टर हिल यांच्या तुटक, एकेका ओळीच्या वर्णनांत आहे. हिल मात्र त्याचे श्रेय ‘पॉइंट ब्लँक’चे (१९६७) सहलेखक अलेक्झांडर जेकब्स यांना देतात. ब्लॅक स्वतः गोल्डमन व हिल या दोघांचेही ऋण मानतात. त्यांची पाने वाचताना वेग हिल यांचा व आवाज गोल्डमन यांचा जाणवतो, म्हणून दुहेरी वारशाचे मत अधिक ग्राह्य वाटते. घराविषयीच्या त्या वाक्यासारख्या शेऱ्यांना आत्मप्रौढी म्हणणे अन्यायाचे ठरेल: मारामारीच्या लागोपाठ पानांत वाचकाला दम घ्यायला तिथेच जागा मिळते. पडद्यावरील विनोदाचे श्रेय मात्र जपून द्यावे लागते, कारण श्रेयनामावलीत नाव नसलेल्या जेफ्री बोम यांनीही ‘लीथल वेपन’च्या पटकथेवर हात फिरवला होता.

न जुळणारी जोडगोळी आणि नाताळ या त्यांच्या ठळक खुणा. घरोघरी रोषणाई असते तेव्हाच एकट्या माणसाचे एकटेपण उघडे पडते: ‘लीथल वेपन’मधला पत्नी गमावलेला पोलीस रिग्ज सणाच्या दिवसांत ट्रेलरमध्ये एकटाच पिस्तूल तोंडात धरून बसतो, चाप ओढू शकत नाही आणि रडतो. सगळ्या गोळीबाराला वजन येते ते या प्रसंगामुळे.

‘द लास्ट बॉय स्काउट’साठी (१९९१) त्यांना साडेसतरा लाख, तर ‘द लाँग किस गुडनाइट’साठी (१९९६) चाळीस लाख डॉलर मिळाले, दोन्ही रकमा त्या वेळी विक्रमी होत्या. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे त्यांच्या नावावर चित्रपट नाही. ‘किस किस बँग बँग’पासून (२००५) ते दिग्दर्शनाकडे वळले, पुढे ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) व ‘द नाइस गाइज’ (२०१६) आले. ‘प्ले डर्टी’चा (२०२५) नायक पार्कर हा डोनल्ड वेस्टलेक यांनी निर्माण केलेला दरोडेखोर, त्याच्या पहिल्या कादंबरीवरून ‘पॉइंट ब्लँक’ निघाला होता.