सायरेक्स, इबालिया आणि पाइनची लागवड: थोडी पार्श्वभूमी

जंगलातल्या किडींवर पॅरासिटॉइड गांधीलमाश्या (दुसऱ्या किडीत किंवा तिच्या अंगावर अंडं घालून शेवटी तिला मारणाऱ्या) सोडायचं म्हटलं की हल्ली लगेच त्यांच्या शोधण्याच्या सवयींवर चर्चा सुरू होते, वासाने येतात का, एका झाडावर किती वेळ थांबतात वगैरे. हे प्रश्न आता साधे वाटतात पण ते नीट विचारायलाच लोकांना काही दशकं लागली. सायरेक्स ही पाइनचं लाकूड पोखरणारी गांधीलमाशी, तिची केस बघितली की उशीर कुठे झाला ते कळतं.

सायरेक्स नॉक्टिलियो मूळची युरोप आणि आसपासची, तिकडे ती मरायला टेकलेल्या पाइनवर जगते, फार कुणी लक्ष देत नाही. गडबड झाली दक्षिण गोलार्धात. कॅलिफोर्नियाचा रेडिएटा पाइन न्यूझीलंडमध्ये हजारो हेक्टरवर लावलेला, आणि 1900 च्या सुमारास लाकडातून ही बया तिथे पोचली. 1928 नंतर इंग्लंडहून रायसा परसुआसोरिया ही पॅरासिटॉइड माशी आणून सोडली गेली. तेव्हाची पद्धत सरळ होती, मूळ देशात शत्रू शोधा, बोटीने आणा, सोडून द्या. ती माशी जंगलात गेल्यावर काय करते हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

मग 1946 ते 51 चा मोठा उद्रेक. दुष्काळ, त्यात विरळणी न केलेली दाट लागवड, सुमारे 1,20,000 हेक्टरवर 30 टक्क्यांच्या आसपास झाडं गेली. त्यानंतर इबालिया ल्युकोस्पॉइड्स ही दुसरी पॅरासिटॉइड माशीही आणली. उद्रेक ओसरला आणि तिथून श्रेयाची भांडणं सुरू झाली, कोणी म्हणे माश्यांनी केलं, कोणी म्हणे पाऊस आला आणि कमजोर झाडं आधीच मरून गेली म्हणजे निसर्गानेच विरळणी केली, आणि गंमत अशी की 1962 मध्ये तिथल्याच सायरेक्समध्ये एक निमॅटोड (सूक्ष्म सूत्रकृमी) सापडला जो माद्यांना वांझ करतो आणि जो कोणीही मुद्दाम आणलेला नव्हता. म्हणजे तिसराच दावेदार.

तोपर्यंत 1952 मध्ये सायरेक्स ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दिसली होती आणि 1961 मध्ये व्हिक्टोरियात. घबराट झाली, 1962 मध्ये राष्ट्रीय निधी उभा राहिला आणि पुढची दहाएक वर्षं उत्तर गोलार्धातून एकामागून एक जातीच्या माश्या गोळा करून टास्मानियात पाठवल्या गेल्या. बऱ्याच आल्या, मोजक्याच टिकल्या. इबालिया, रायसा आणि मेगारायसा नॉर्टोनी ही त्यातली मुख्य नावं.

शोधण्याबद्दलचं पहिलं खरं निरीक्षण याच काळातलं, साठच्या दशकाच्या शेवटचं. सायरेक्सची मादी अंड्यांबरोबर झाडात एक बुरशी सोडते, अमायलोस्टेरियम, अळ्यांची सगळी भिस्त तिच्यावर. इबालिया आणि रायसा दोघी या बुरशीच्या वासावर येतात असं दिसलं. इबालिया सायरेक्सने पाडलेल्याच भोकातून सुई घालून अंड्यात किंवा अगदी कोवळ्या अळीत आपलं अंडं टाकते. रायसाचं काम वेगळं, ती मोठी झालेली अळी शोधते. खोडावर मिशा टेकवत फिरते, एका जागी थबकते, पोट उंच उचलून सुई उभी धरते आणि अर्धा अर्धा तास लाकूड भोसकत बसते, खाली पोचली की अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर बाहेरून अंडं ठेवते. युरोपात तर सुडोरायसा नावाची एक महाभाग आहे, ती रायसाचं भोक वासाने हुडकते, आपली बारीक सुई त्यातच घालते आणि तिची अळी रायसाच्या पिल्लाला मारून आयतं जेवते. आयात करताना ही चुकून सोबत येऊ नये याची काळजी घ्यावी लागणार हे उघडच होतं.

आता ज्यावर वाद आहे तो निर्णय. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात भर निमॅटोडवर गेला. कारण समजण्यासारखं आहे, निमॅटोडला शोधाशोध करावीच लागत नाही, बुरशी खाऊन वाढतो, अळीत शिरतो, मग सायरेक्सच स्वतः निमॅटोडने भरलेली अंडी घेऊन पुढच्या झाडावर जाते. पुन्हा तो प्रयोगशाळेत बुरशीवर ढीगभर वाढवता येतो, माश्या वाढवायच्या तर ओंडकेच्या ओंडके साठवून वर्षभर थांबायचं. हिशोबाने निर्णय बरोबरच. पण त्याच्याबरोबर माश्या "पूरक" या खान्यात गेल्या आणि तिथेच राहिल्या, हे मला पटत नाही. साधारण 20 ते 40 टक्के परजीवीकरण, म्हणजे तेवढ्याच अळ्या माशीला बळी पडतात, पुरेसं नाही, विषय संपला, असा सूर. अहो पण ही टक्केवारी कुठल्या झाडांवरून काढली? गच्च किडलेल्या की एखाददुसरी अळी असलेल्या? माशी सगळ्या झाडांवर सारखी फिरत असेल तरच हा आकडा सरळ वाचता येतो, आणि ती तशी फिरते का हे तेव्हा फारसं कोणी तपासलं नव्हतं.

1987 ते 89 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या पट्ट्यात 50 लाखांवर झाडं मेली. विरळणी रखडलेली होतीच, आणि नंतर कळलं की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं फक्त बुरशीवर वाढवलेला निमॅटोड अळीत शिरायचंच विसरत चालला होता. मग टास्मानियातल्या कामोना भागातून निमॅटोडचा पुन्हा ताजा स्ट्रेन, म्हणजे वाण, आणला. जो उपाय शोधाशोध करावी लागत नाही म्हणून निवडला तोच असा घरबसल्या बिघडला, आणि हे प्रकरण सांगताना माश्यांवरच जास्त बोट ठेवणारी मंडळी मला नेहमी थोडी सोयीस्कर वाटतात.

शोधण्याच्या वर्तनावर खरं काम झालं ते नंतर आणि दुसरीकडेच. सायरेक्स 1980 मध्ये उरुग्वेत, 1985 मध्ये अर्जेंटिनात, 1988 मध्ये ब्राझीलमध्ये, 1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचली. अर्जेंटिनात इबालिया कोणी न आणताच यजमानाबरोबर, म्हणजे सायरेक्सबरोबरच, आली. तिथल्या पॅटागोनियात 2000 नंतर तिच्यावर बरेच प्रयोग झाले. इबालिया जन्मतःच जवळपास सगळी अंडी तयार घेऊन निघते आणि आयुष्य काही आठवड्यांचं, म्हणजे तिला कमी पडतो तो वेळ. त्यामुळे कुठल्या ओंडक्यावर उतरायचं आणि किती थांबायचं हाच तिचा सगळा व्यवहार. ती दुरूनच बुरशीच्या वासावरून जास्त अळ्यांची जागा ओळखते आणि तिकडे जाते असं दिसलं. यजमान विरळ असले की तिचा जोर कमी, वाढले की हल्ल्याचा वेग वाढतो, आलेख एस अक्षरासारखा. अशी माशी भडकलेला उद्रेक एकटी विझवणार नाही, पण संख्या वर सरकू लागली की ती मागे खेचू शकते. उसात ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या परजीवी माशीची कार्डं) ठराविक दिवसांनी परत परत लावतात, इथे तसं नाही, एकदा स्थिरावली की पुढचं तिने स्वतःच शोधून करायचं, म्हणून वर्तनाला एवढं महत्त्व.

रायसा आणि इबालिया एकत्र सोडाव्यात का हा जुना प्रश्नही यातूनच परत उघडला. रायसा मोठ्या अळ्यांवर जाते, त्यातल्या काहींच्या पोटात आधीच इबालिया असते, आणि तिथे रायसाच जिंकते. एकमत अजून नाही.

उत्तर अमेरिकेत 2004-05 मध्ये सायरेक्स सापडली तेव्हा मात्र माश्या आणायचा वाद झालाच नाही. इबालिया, रायसा, मेगारायसा तिथे मुळातच होत्या, स्थानिक सायरेक्सच्या नातेवाइकांवर जगत होत्या आणि नव्या पाहुणीवरही लगेच सापडायला लागल्या. वाद झाला तो निमॅटोडवर, स्थानिक जातींनाही वांझ करेल का म्हणून, आणि त्यामुळे तिथे तो सुरुवातीला फक्त अशाच झाडांत टोचला गेला जी सायरेक्स बाहेर पडायच्या आत तोडून टाकायची होती.