पोळ्यात हुकूम कुणाचाच चालत नाही

राणीमाशी हुकूम सोडते आणि हजारो कामकरी माश्या शिस्तीत राबतात, त्यांच्याकडून टीमवर्क शिका, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. तो वाचला की मला राहवत नाही. राणी अंडी घालते आणि तिच्या अंगातून पसरणाऱ्या रसायनांमुळे (फेरोमोन) कामकरी माश्यांची अंडाशयं दबलेली राहतात, एवढं खरं. पण आज पहाऱ्याला कोण बसणार, पराग आणायला कोण जाणार, हे ती ठरवत नाही. कुणीच ठरवत नाही. मग कामं वाटली कशी जातात? रॉबर्ट पेज या अमेरिकन शास्त्रज्ञाने या प्रश्नामागे अख्खी कारकीर्द घातली.

पेज यांची पीएचडी 1980 ची, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात, हॅरी लेडलॉ यांच्या हाताखाली. राणीला कृत्रिमरीत्या गाभण करताना आत एक छोटी घडी सुईच्या आड येते, ती बाजूला सारली तरच वीर्य योग्य जागी पोचतं, हे लेडलॉंनी शोधलं होतं. हे तंत्र नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण एरवी राणी हवेत उडता उडता दहा-वीस नरांशी समागम करते आणि बाप कोण हे आपल्या हातात राहत नाही.

आता जरा गणित. नर जन्मतो फलन न झालेल्या अंड्यातून, म्हणजे त्याला बापच नाही, गुणसूत्रांचा एकच संच, 16. त्यामुळे त्याचे सगळे शुक्राणू एकसारखे. एकाच बापाच्या मुली सरासरी 75 टक्के जनुकं वाटून घेतात आणि वेगळ्या बापाच्या सावत्र बहिणी फक्त 25 टक्के. म्हणजे बाहेरून एक दिसणारं पोळं आतून अनेक घराण्यांचं असतं.

1988 मध्ये जीन रॉबिन्सन आणि पेज यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की दारावर पहारा देणाऱ्या आणि मेलेल्या माश्या उचलून बाहेर टाकणाऱ्या माश्या सगळ्या घराण्यांतून सारख्या प्रमाणात येत नाहीत, काही बापांच्या मुली ठरावीक कामाकडे जास्त वळतात. इथून पुढे जी कल्पना पक्की होत गेली ती माझी सगळ्यात आवडती: उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड. खोलीत उकडायला लागलं की एक जण लगेच उठून पंखा लावतो, दुसऱ्याला अजून काही जाणवलेलंच नसतं, आणि पहिल्याने पंखा लावल्यामुळे दुसऱ्यावर उठायची वेळच येत नाही. पोळ्यातही तेच. आणि सगळ्यांचा उंबरठा एकच असता तर? सगळ्या एकदम पंख हलवायला लागल्या असत्या आणि एकदम थांबल्या असत्या, तापमान वरखाली होत राहिलं असतं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं की अनेक बापांच्या पोळ्यात पिल्लांच्या जागेचं तापमान एका बापाच्या पोळ्यापेक्षा स्थिर राहतं.

गोडाच्या बाबतीत हा उंबरठा मोजतात कसा ते बघा. माशीला थंड करून एका बारीक नळीत बसवायचं, डोकं तेवढं बाहेर. मग स्पृशेला (डोक्यावरच्या मिशीला) आधी नुसतं पाणी लावायचं, मग 0.1 टक्के साखरेचं पाणी, मग 0.3, 1, 3, 10, 30. कुठल्या थेंबाला ती सोंड बाहेर काढते ते लिहून ठेवायचं, बास. पाण्याला किंवा अगदी फिक्या पाकाला सोंड काढणाऱ्या माश्या पुढे पाणी आणि पराग आणायला जातात, गोड पाकाशिवाय न हलणाऱ्या मकरंद आणतात. आणि हा कल माशी जेमतेम आठवड्याची असताना, पोळ्याबाहेर पडायच्या कितीतरी आधी दिसतो!

किम फोंड्रक यांच्यासोबत पेज यांनी जास्त पराग साठवणारी आणि कमी साठवणारी अशी दोन वाणं पिढ्यानपिढ्या निवडत नेली. फ्रेमवर किती चौरस सेंटीमीटर पराग आहे ते मोजायचं आणि त्यातून पुढचे आईबाप निवडायचे. थोड्याच पिढ्यांत फरक कित्येक पटींचा झाला, आणि दोन्ही वाणांच्या माश्या एकाच पोळ्यात वाढवल्या तरी तो उरला. याच्या बातम्या होतात तेव्हा "अमुक वागण्याचं जनुक सापडलं" असं छापतात, त्यावर विश्वास ठेवू नका. सापडले ते जीनोमचे (म्हणजे माशीच्या सगळ्या जनुकीय साठ्याचे) अनेक भाग, एकमेकांवर परिणाम करणारे, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा.

2004 मध्ये पेज ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेले आणि संशोधक ग्रो आमदाम यांच्याबरोबरचं काम थेट अंडाशयापर्यंत पोचलं. कामकरी माशीचं अंडाशय छोटंसं, जवळपास निरुपयोगी, पण त्यात नळ्या जास्त असतील तर माशी लवकर बाहेर पडते आणि परागाकडे वळते. त्यांचं गृहीतक असं की एकट्या राहणाऱ्या पूर्वज मादीला अंडी घालायच्या काळात प्रथिनं, म्हणजे पराग लागत, एरवी स्वतःपुरता मकरंद, आणि तीच जुनी यंत्रणा पोळ्यात कामाच्या वाटणीला जुंपली गेली. यातला मोठा खेळाडू म्हणजे व्हिटेलोजेनिन, अंड्यातल्या बलकाचं प्रथिन. 2007 मध्ये या गटाने आरएनए इंटरफेरन्स (एखादं जनुक तात्पुरतं दाबून ठेवायचं तंत्र) वापरून कामकरी माश्यांमधलं ते प्रथिन कमी केलं, तर त्या माश्या वेळेआधीच बाहेर पडल्या, मकरंद जास्त आणू लागल्या आणि लवकर मेल्या.