तिखट की मध्यम?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या मिसळीच्या हॉटेलात वेटरने विचारलं, "ताई, रस्सा तिखट देऊ की मध्यम?" समोर बसलेली माझी आतेबहीण माझ्याकडे बघायला लागली. वेटर थांबला. तरी ती माझ्याकडेच बघत होती. शेवटी मीच "मध्यम" म्हणालो आणि तो गेला. मग ती हळूच म्हणाली, "मला खरंच कळेना रे, काय सांगावं."

ही बाई एके काळी अंबडच्या एका कारखान्याचे हिशेब बघायची आणि मालकाची चूक मालकाला दाखवायची. पुढे 11 वर्षं ती एका आध्यात्मिक गटात 'सेवेत' होती. कांदा-लसूण वर्ज्य होता, त्याचं काही नाही. पण मुलाची शाळा, सासऱ्यांचा डॉक्टर, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं वर विचारून ठरायचं. गट सोडून तिला 8 महिने झाले होते.

नातेवाईक म्हणायचे, "सुटलीस ना त्यातून? मग लाव की आता डोकं." सराफ बाजारात गहाण टाकलेला दागिना सोडवून आणावा, तसं डोकंही परत मिळतं अशी आपली समजूत असते. खरं तर ते प्लॅस्टर काढलेल्या हातासारखं असतं. हात जागेवरच असतो, पण बारीक झालेला, आणि साधा पाण्याचा तांब्या उचलतानाही थरथरतो.

1967 साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके डोक्याने फळी दाबून थांबवता येत होते. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथेच पडून राहिले. आपल्या हातात काही नाही हे ते शिकले, असा अर्थ काढला गेला आणि 'शिकलेली असहायता' हे नाव रूढ झालं.

गंमत पुढे आहे. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण हे उलटं समजलो होतो. मधल्या काळात मायर उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करत होते. त्यातून दिसलं की लांबत गेलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं शिकावं लागत नाही, मेंदूची ती मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: आपण काही केलं की काहीतरी बदलतं. हा अनुभव आला, की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मेंदूच्या देठातल्या पेशींच्या एका पुंजक्याला आवर घालतो आणि अंगात हालचाल येते.

उंदरावरून माणसावर उडी मारताना जपायला हवं, हे मान्य. पण ताईकडे बघताना मला ही दुसरी मांडणी जास्त पटते. तिच्या डोक्यातून काही काढून टाकायचं नव्हतं. 'मी ठरवलं आणि तसं झालं' हा अनुभव पुन्हा घालायचा होता. त्या हिशेबाने तिच्यावतीने "मध्यम" सांगून मी चूकच केली होती.

"शिकलेली बाई फसलीच कशी?" हा लोकांचा आवडता प्रश्न. पण निर्णय एकदम कुणी सोपवत नाही. आधी एक गुरुवार, मग एक पारायण, मग सुट्ट्या, मग पगारातला वाटा. एलियट ॲरॉनसन आणि जडसन मिल्स यांनी 1959 मध्ये काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी लाजिरवाण्या चाचणीतून जायला लावलं. नंतर ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. ज्यांना प्रवेशासाठी जास्त त्रास झाला, त्यांनाच ती अधिक रंजक वाटली. एवढं सोसलं ते उगाच, हे स्वतःशी कबूल करणं माणसाला फार जड जातं.

प्रश्न पडायचेच, पण त्यांना तयार उत्तरं होती. "हा तुमचा अहंकार बोलतोय." "श्रद्धा कमी पडली." काम झालं तर कृपा, नाही झालं तर श्रद्धा कमी, म्हणजे गट चुकण्याची सोयच नाही. कम्युनिस्ट चीनमधल्या सक्तीच्या 'विचार-सुधारणे'तून गेलेल्या लोकांना भेटून मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी 1961 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात अशा विचार तिथल्या तिथे बंद पाडणाऱ्या ठरीव वाक्यांना त्यांनी वेगळं नाव दिलं आहे. ताईने ही वाक्यं एका वहीत लिहून काढली आणि प्रत्येकापुढे साध्या मराठीत त्याचा अर्थ लिहिला. 'सेवा' या शब्दापुढे तिने लिहिलं: बिनपगारी काम, रोज 4 तास.

इथे गुरु-शिष्य परंपरेलाच झोडपायचा मोह होतो. पण पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरला चालत जाणारा माणूस पुढच्या वर्षी गेला नाही, तर त्याच्या दारात कुणी जाब विचारायला येत नाही. ताईच्या दारात आले होते, तीनदा.

माझ्या एका मित्राने तिला विवेकवादावर तासभर ऐकवलं. मुद्दे सगळे बरोबर होते. ती मान डोलावत राहिली, अगदी सत्संगात डोलवायची तशी. तेव्हा मला कापरंच भरलं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1950च्या दशकातले प्रयोग इथे कामाला येतात. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, इतका सोपा प्रश्न. पण खोलीतले बाकी सगळे प्रयोग करणाऱ्याला सामील असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा वेळी खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं बहुमताप्रमाणे चुकली. सामील मंडळींपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी चुका आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर यायच्या. एका प्रकारात हा सोबती काही निमित्त सांगून मध्येच निघून जाई. तो गेल्यावर चुका थोड्या वाढत, पण त्याच्या असण्याचा परिणाम पुरता पुसला जात नसे.

ताईला नवा गुरू नको होता, असा एक सोबती हवा होता. म्हणून आम्ही एक नियम केला. ती विचारेल तेव्हा मी मत द्यायचं नाही, "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. भाजी कोणती, रिक्षा की बस, पडदे कोणते. कधी ती चिडायची. एकदा रामकुंडावर संध्याकाळची आरती सुरू झाली, घंटा वाजल्या आणि तिचे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले, चेहरा जुन्या दिवसांसारखा कोरा झाला. घंटेशी जुळलेली ती सवय तर्काने तुटत नाही. ती म्हणाली, "थांबू या. मला बघायचंय, हे किती वेळ टिकतं." साधारण 10 मिनिटं टिकलं.

नंतर माझी बदली पुण्याला झाली. परवा तिचा फोन आला. एकटीच मिसळ खायला गेली होती.

"तिखट सांगितली," म्हणाली. "नाकातोंडातून पाणी. दोन वाट्या दही लागलं."

"मग?"

"मग काय, पुढच्या वेळी मध्यम."