दुपारी बाराचा सेल: सुझन लाइन यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मासिक, टीव्ही, दुकानदारी, शेवटी गुंतवणूक. अमेरिकी उद्योजिका सुझन लाइन यांचा प्रवास असा सांगितला की दर काही वर्षांनी बाईंनी क्षेत्रच बदललं, असं वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण २००८ मध्ये सापडतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९८७ मध्ये त्यांनी सिनेमाचं मासिक सुरू केलं. २००२ मध्ये त्या एका मोठ्या अमेरिकी वाहिनीच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख झाल्या. २००४ च्या वसंतात त्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि त्यांच्या काळात आकाराला आलेल्या मालिकांनी पुढच्याच हंगामात वाहिनीला वर काढलं. हा अन्याय होता. वर्षअखेरीस त्यांनी जी कंपनी हाती घेतली, तिची मालकीणबाई मार्था स्टुअर्ट तेव्हा तुरुंगात होती.

सप्टेंबर २००८ मध्ये त्या न्यू यॉर्कच्या ‘गिल्ट’ या ‘फ्लॅश सेल’वाल्या कंपनीत आल्या. या शब्दाचा आपल्याकडे फार घोळ आहे. २०१४ मध्ये एका चिनी मोबाइल कंपनीमुळे तो आपल्या कानावर पडला. ठरलेल्या वेळी मोजके फोन, किंमत तीच, सवलत शून्य, आणि काही सेकंदांत माल संपला. मूळ कल्पना वेगळी आहे. न्यू यॉर्कच्या कापडबाजारात कपड्यांचे नमुने आणि उरलेला माल ओळखीच्यांना स्वस्तात विकायची जुनी रीत होती. फ्रान्समध्ये २००१ पासून ती इंटरनेटवर आली, २००७ च्या नोव्हेंबरात ‘गिल्ट’ने ती न्यू यॉर्कमध्ये सुरू केली. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश, नामांकित डिझायनरांचे कपडे बरेच स्वस्त. आपल्या ‘स्टॉक क्लिअरन्स’च्या पाटीखाली ढीग उपसावा लागतो; इथे कोणीतरी आधीच निवडून मांडलेलं असे.

मंदीची वेळ होती. मोठ्या दुकानांनी मागणी आवरती घेतली, डिझायनरांकडे माल पडून राहिला आणि या धंद्याला तो मिळत गेला. पण नुसत्या स्वस्ताईने गिऱ्हाईक रोज येत नाही. रोज दुपारी १२ वाजता नवा सेल उघडे. ऑफिसात बसलेल्या बायका बाराच्या ठोक्याला पान उघडून तयार असत. कार्टमध्ये टाकलेला ड्रेस काही मिनिटंच तुमच्यासाठी राखलेला, पैसे भरायला उशीर झाला की दुसरीच्या हाती. टीव्हीवर मालिकेची वेळ ठरवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

पुढे कंपनीचं मूल्य १ अब्ज डॉलरवर गेलं आणि २०१६ मध्ये ती २५ कोटी डॉलरला विकली गेली. लाइन तिथून आधीच बाहेर पडल्या होत्या. २०१४ मध्ये त्यांनी नव्या कंपन्यांत गुंतवायला १ कोटी डॉलरचा निधी उभा केला. मुख्य अट ही: कंपनीच्या संस्थापकांत किमान एक बाई हवी. अट ‘संस्थापक’ असण्याची होती, प्रमुख असण्याची नव्हती. बातम्यांमध्ये मात्र ‘महिलांच्या कंपन्या’ असं छापलं जाई.